चवथीचे वजे, उपचार चालू असलेल्या घरासाठी

लेकीच्या पहिल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माहेरहून वजे, म्हणजे सणाच्या जिनसांची भेट, जाते, त्यात काय घालायचे ते गोव्यात कुणाला शिकवावे लागत नाही. पण ज्या घरात लहान मुलावर कॅन्सरचे उपचार चालू आहेत, तिथे वाड्यावरच्या सगळ्यांनी मिळून वजे पाठवायचे ठरवले, तर सवयीचे निम्मे जिन्नस बाजूला ठेवावे लागतात. म्हणून आधी बाजार नको, आधी फोन.

तोही आईला नको. दिवसभर तिला येईल त्याला तेच सांगत बसावे लागते. मावशी, आत्या, काका, जो कोणी त्या घराचे निरोप सांभाळत असेल त्याला गाठावे आणि नेमके विचारावे. चवथीला मूल घरी असेल, बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात दाखल असेल, की मुंबईला टाटा रुग्णालयात? कुटुंबाचा गणपती बसतो त्या मूळ घरी जाणार, की आहेत तिथेच राहणार? मूळ घरी सगळे भाऊ, चुलते, पोरेबाळे जमतात. अशा गर्दीत मुलाला नेता येत नसेल, तर त्या आईबापांच्या वाट्याचे स्वयंपाकपाणी कुणीतरी आपणहून अंगावर घ्यावे. तेही वजेच. सगळी उत्तरे एका वहीत लिहावीत आणि वही एकाच माणसाकडे असावी.

मूल मुंबईला असेल आणि चवथीला घरी यायचे असेल, तर तिकिटाचे सर्वात आधी बघावे. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते आणि त्या दिवसांत मुंबईहून कोकणात उतरणाऱ्या गाड्या भरायला वेळ लागत नाही. उपचारासाठीच्या प्रवासात कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीत भाडे नसते, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत असते. मात्र रुग्णालयाने भरून दिलेला दाखला लागतो. तो आणला आहे का, एवढे विचारले तरी पुष्कळ.

देण्याचा दिवस आपण ठरवू नये. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वात खाली येतात. ‘काउंट पडले’ म्हणतात ते हेच. तेव्हा साधी सर्दीसुद्धा मुलाला भारी पडते. चवथ नेमकी त्या दिवसांत आली, तर वजे दारात ठेवून परतावे, नाहीतर आठवड्याने न्यावे. गणपती रागावणार नाही. ज्यांच्या घरात कुणाला कांजिण्या, ताप किंवा खोकला आहे, त्यांनी दारापर्यंतही जाऊ नये. घुमटाच्या, म्हणजे मातीच्या चर्मवाद्याच्या, तालावरची आरती मुलाला व्हिडिओ कॉलवर दाखवता येते.

खाण्याचे मात्र नीट ऐकावे. तोंड आलेले असते तेव्हा चकली, चिवडा म्हणजे शिक्षा. नेवऱ्या (करंज्या) पाठवाव्यात, पण घरातल्या बाकीच्यांसाठी. मुलासाठी गरम, ताज्या, हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्या चालतील का ते विचारून घ्यावे. कापलेली फळे, कच्च्या दुधाचे पंचामृत, मोड आलेली कडधान्ये नकोतच. माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या मांडवीचे, पपनस दिसायला देखणे, पण त्या जातीची फळे काही औषधांशी जुळत नाहीत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. फुलांचा गुच्छ नको, मातीची कुंडी तर नकोच, कारण त्यातून बुरशीची भीती. स्टेरॉइड चालू असताना उलटेच होते: पोर मध्यरात्री उठून वरणभात मागते, त्यातही काहीतरी खारट हवे म्हणते. अशा घरी मिठाईपेक्षा किराणा आणि गॅस सिलिंडरचे पैसे उपयोगी.

डबे कायमचे देऊन टाकावेत. आपल्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत, आणि महिनोन्महिने रुग्णालयाच्या फेऱ्या मारणाऱ्या बाईला आणखी दहा डबे भरून पाठवायची काळजी कशाला? वर चिठ्ठी लावावी: डबा तुमचाच.

कपडे पुढून बटणे असलेले घ्यावेत, कारण कित्येक मुलांच्या छातीशी कातडीखाली केमोचा पोर्ट, म्हणजे औषध शिरेत सोडायची छोटी डबी, असते. स्टेरॉइडने गाल आणि पोट सुजते, तेव्हा एक माप मोठे. मुलीसाठी क्लिपा, रिबिनी घेण्याआधी क्षणभर थांबावे. खेळणी नवी, बंद खोक्यातली, पुसता किंवा धुता येतील अशी. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला कुणी रंगपेटी देतो तेव्हा मला त्या मुलाची दया येते. त्याला इअरफोन आणि लांब वायरचा चार्जर द्यावा, वॉर्डात प्लग खाटेपासून कुठल्या कुठे असतो.

भावंडांचे पाकीट वेगळे, त्यांच्या नावाचे, आणि आजारी मुलाच्या पाकिटाएवढेच जाड. वर्षभर त्यांना आजीकडे, काकांकडे ठेवलेले असते.

पैसे देताना आढेवेढे घेऊ नयेत. उपचारांचा बराच खर्च योजनांतून भागला तरी गाडीभाडे, मुंबईतली राहण्याची सोय आणि बुडालेला रोज खिशातूनच जातो. वर्गणी एकाने गोळा करावी, हिशेब लिहावा, रक्कम आईच्या हाती किंवा खात्यात जावी. देताना फोटो काढू नये, मुलाचे रिपोर्ट ग्रुपवर फिरवू नयेत. सप्टेंबर हा मुलांच्या कॅन्सरविषयी जागृतीचा महिना, सोनेरी रिबीन त्याची खूण, आणि चवथ बहुधा त्याच सुमारास येते. ती रिबीन आपण आपल्या छातीवर लावावी. त्यांच्या वज्यात घालू नये, त्यांना पुरेशी जागृती आहे.

ज्या घरातले मूल गेले, ते घर यादीतून खोडू नये. त्या वर्षी सण नसतो, गोडधोड नसते. साधे जेवण घेऊन दोघांनी जावे, आणि मुलाचे नाव घ्यायला घाबरू नये.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या ल्युकेमियाचा (रक्ताच्या कॅन्सरचा), म्हणजे ए.एल.एल.चा, उपचार दोन-तीन वर्षे चालतो. तेव्हा वही जपून ठेवावी, पुढच्या चवथीला लागेल. मापे मात्र तेव्हा नव्याने विचारावीत.