घरच्या सेडानला मागचा स्वे बार बसवताना

वळणावर गाडी कलली की बाहेरचं चाक वर दबतं आणि आतलं खाली सुटतं. मागच्या या दोन चाकांना जोडणारी पिळाची स्प्रिंग म्हणजे स्वे बार, गॅरेजच्या भाषेत स्टॅबिलायझर. सरळ स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम उचलली जातात, तेव्हा हा बार नुसता बुशात (बारला धरणाऱ्या रबरी आवरणात) फिरतो, काहीही करत नाही. एक चाक वर आणि एक खाली असलं तरच तो पिळतो. म्हणूनच एका बाजूच्या खड्ड्यात जाड बार दुसऱ्या चाकालाही हिसका देतो आणि मागच्या सीटवरची मंडळी तक्रार करतात. हे चालणार नसेल तर इथूनच परत फिरा. पाच माणसं आणि डिकीभर सामान भरल्यावर गाडी मागून बसत असेल, तर त्यावरही हा उपाय नाही. ते काम स्प्रिंगचं. शॉकअ‍ॅब्सॉर्बर गळत असतील किंवा मागचे टायर घासलेले असतील, तर आधी तिकडे पैसे घाला.

फायदा नेमका कुठे होतो? पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्या वळणात नाक बाहेर फेकतात. मागचा बार जाड केला की मागच्या बाहेरच्या टायरवर जास्त भार जातो, पुढच्या टायरांमधला भार त्या मानाने सारखा वाटला जातो आणि नाक वळणात येतं. पण ही मागची पकड कमी करून मिळवलेली गोष्ट आहे. गगनबावड्याहून करूळ घाटात भर पावसात उतरताना, वळणाच्या मध्यात घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, तर बेताच्या बारची गाडी नीट वळते आणि अति जाड बारची गाडी मागून सुटते. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेला चिखलही तेच करतो. घरातली सगळी माणसं चालवतात त्या गाडीला मिळेल त्यातला बारीक बारच योग्य.

बारीक म्हणजे किती, ते आकड्यांत बघा. भरीव बारचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १६ मिमीच्या जागी १९ मिमी घातला की दुप्पट, २२ मिमी घातला की साडेतीन पट. पोकळ बारमध्ये बाहेरचा व्यास फसवतो: ३ मिमी जाडीच्या भिंतीचा २२ मिमी पोकळ बार साधारण २० मिमी भरीव बारइतका ताठर असतो. कंपनीचा बार असलेल्या गाडीला ताठरपणा दुपटीच्या आसपास ठेवा, त्यापुढे जाऊ नका.

आता गाडीखाली बघा. डिझायर, सिटी, व्हर्ना, सियाझ यांना मागे टॉर्शन बीम असतो, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा पत्र्याचा बीम, आणि तो स्वतःच थोडंफार बारचं काम करतो. अशा गाडीच्या किटमधला बार बीमच्या पोटात किंवा मागून जातो आणि त्याची टोकं थेट स्प्रिंगच्या बैठकीजवळ बोल्टने आवळली जातात. लिंक रॉड, म्हणजे बारचं टोक चाकाच्या बाजूला जोडणारे छोटे दांडे, नसतात. सिव्हिकसारख्या स्वतंत्र मागच्या सस्पेन्शनला बार सबफ्रेमवर (सस्पेन्शन धरणाऱ्या गाडीखालच्या चौकटीवर) दोन बुशांत फिरतो आणि टोकाला लिंक रॉड लागतात. किट तुमच्या मॉडेलचं आणि त्याच वर्षाचं असल्याची खात्री करूनच घ्या. ‘थोडं घासून बसेल’ असं सांगणाऱ्याकडून घेऊ नका.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे छोट्या कारखान्यांच्या वसाहतीत, काय वाट्टेल ते बनतं, त्यामुळे हा बारही तिथेच वाकवून घ्यायचा मोह होतो. तो टाळा, आणि त्याचं कारण कारागिराचं कसब नाही. कुठल्याही स्टीलचा ताठरपणा जवळपास सारखाच असतो, त्यामुळे साध्या एमएस (माइल्ड स्टील) किंवा ईएन-८ (मध्यम कार्बनचं स्टील) सळीचा बार पहिल्या दिवशी झकास वाटतो. फरक पडतो तो पिळल्यावर परत जागेवर येण्यात. त्यासाठी स्प्रिंग स्टील लागतं आणि वाकवल्यानंतर त्याला नीट उष्णता-प्रक्रिया लागते. गॅसवर लाल करून वाकवलेली सळी काही महिन्यांत वाकडीच राहते, नाहीतर वळणापाशी तडकते. गंज दिसू नये म्हणून बारला क्रोम करून घेण्याचाही नाद नको. मुलामा देताना हायड्रोजन आत शिरतो आणि कडक स्टील ठिसूळ होतं. पावडर कोटिंग चालतं. उद्यमनगरातून करून घ्यायच्या गोष्टी वेगळ्या: ब्रॅकेटखालचे जाड पत्र्याचे तुकडे, स्पेसर आणि चांगले ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे बोल्ट. बीमला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग तर मुळीच नाही. बीम आयुष्यभर पिळत असतो. तडा सुरू होतो तो अशाच भोकापाशी किंवा वेल्डिंगच्या टाक्यापाशी.

सामान: ट्रॉली जॅक, दोन जॅक स्टँड, १० ते १९ मिमी सॉकेट आणि रिंग पाने, ५ आणि ६ मिमी अ‍ॅलन की, टॉर्क पाना, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, नवे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे) आणि सिलिकॉन ग्रीस. साधं पिवळं ग्रीस रबरी बुशला लावू नका, रबर फुगून मऊ पडतं. पॉलियुरेथेन बुश असेल तर किटसोबत आलेलंच ग्रीस वापरा. पहिल्यांदा करणाऱ्याला तीन तास धरा. जुने नट गंजलेले असतील तर आदल्या रात्रीच स्प्रे मारून ठेवा. इथल्या चार महिन्यांच्या पावसानंतर ते गंजलेले असतातच.

गाडी सपाट फरशीवर उभी करा. हँडब्रेक मागच्या चाकांना असतो आणि तीच चाकं हवेत जाणार, म्हणून त्याच्यावर विसंबू नका. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका (ऑटोमॅटिक असेल तर पी) आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. मागची दोन्ही बाजू सारखी उचला आणि स्टँड दाराखालच्या पट्टीच्या जॅक पॉइंटखाली द्या, बीमखाली नाही. एकच बाजू उचलली तर बार पिळलेला राहतो, बोल्ट निघताना उसळतात आणि नव्या बारची भोकं काही केल्या जुळत नाहीत. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर आधी लिंकचे नट काढा. नटासोबत लिंकचा दांडाही फिरायला लागतो. टोकाच्या खाचेत अ‍ॅलन की घालून दांडा धरा आणि रिंग पान्याने नट सोडवा. खाच गोल झाली असेल तर नट कापा आणि लिंक नवी घाला. मग ब्रॅकेटचे बोल्ट सोडवा. बार बाहेर काढताना सायलेन्सरचा पाइप आडवा येतो. त्याचे रबर हँगर साबणाचं पाणी लावून निसटवा, पण पाइप लोंबकळू देऊ नका, खाली ठोकळा द्या. एबीएसची वायर, ब्रेकचा पाइप आणि हँडब्रेकची केबल कुठून जाते त्याचा आधीच फोटो काढून ठेवा.

नव्या बुशच्या आत ग्रीस भरा, बारवर चढवा, चीर असेल ती बाजू जुन्या बुशप्रमाणेच ठेवा. ब्रॅकेट हाताने लावा, बार डावी-उजवीकडे मोजून मध्यावर आणा आणि मग ब्रॅकेट आवळा. इथे थांबून एक तपासणी करा, ती बरेच जण टाळतात: लिंक लावण्याआधी बार हाताने वर-खाली फिरला पाहिजे. जाम असेल तर ब्रॅकेट बुशला चिरडतोय. खाली पातळ वायसर घालून जागा द्या. जाम बार प्रत्येक खड्ड्यात अकारण अडतो. बार आडवा सरकू नये म्हणून कॉलर (बारवर आवळायच्या कड्या) दिल्या असतील तर त्या बुशला टेकवून बसवा, दाबून नाही.

टोकाला दोन-तीन भोकं असतील तर सगळ्यात बाहेरचं, म्हणजे बारच्या आडव्या दांड्यापासून लांबचं भोक मऊ. तिथूनच सुरुवात करा. २०० मिमीच्या हातावर (आडव्या दांड्यापासून भोकापर्यंतची लांबी) २० मिमी आत आलात तरी ताठरपणा जवळपास पाव पटीने वाढतो. लिंकची टोकं बॉल जॉइंटची असतील तर नट हवेतच आवळले तरी चालतात. रबरी बुशची लिंक असेल तर (चाकं काढली असतील तर ती बसवून) गाडीचं वजन जमिनीवर आल्यावर शेवटचा आवळा द्या, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

टॉर्शन बीमच्या किटला काम कमी, पण जोर सगळा टोकांच्या बोल्टवर येतो. बीमवरची माती, गंज आणि सुटा रंग ब्रशने काढा. रंगाच्या थरावर आवळलेला बोल्ट आठवड्यात सैल होतो. सगळे बोल्ट आधी हाताने तीन-चार आटे फिरवा, मगच एकेक करून आवळा. बोल्टने आवळलेली टोकं सोडून बार बीमला, टाकीला किंवा सायलेन्सरला कुठेही बोटभर अंतराच्या आत येता कामा नये. हे चाकं लोंबलेली असताना आणि गाडी जमिनीवर असताना, दोन्ही वेळा बघा.

किटसोबत आकडे असतील तर तेच पाळा. नसतील तर ८.८ ग्रेडचा एम-८ (८ मिमी व्यासाचा) बोल्ट सुमारे २५ न्यूटन-मीटर, एम-१० सुमारे ४५, एम-१२ सुमारे ८० धरा. चाकांचे नट गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर.

पहिली चक्कर रिकाम्या गाडीने, कोरड्या आणि ओळखीच्या रस्त्यावर मारा. १०० किमीनंतर सगळे बोल्ट पुन्हा बघा, ५०० किमीनंतर आणखी एकदा. कोरडी चुरचुर येत असेल तर बुशला ग्रीस कमी पडलंय. एका बाजूच्या छोट्या दगडावर कटकट झाली तर लिंकचा नट किंवा टोकाचा बोल्ट सैल आहे. तो तसाच चालवला तर भोक लांबट होतं आणि मग आवळूनही उपयोग नसतो. मोठ्या उंचवट्यावरून उतरताना एकच धाड आवाज आला तर बार कशाला तरी लागतोय. तिथली चकाकलेली खूण शोधा. सोसायटीच्या तिरक्या उतारावर मागचं आतलं चाक उचललं जात असेल तर बार गाडीला जड होतोय, मऊ भोकावर या.

कागदाचं काम तेवढं राहतं. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, आणि वॉरंटीतल्या गाडीचा सस्पेन्शनचा दावा सर्व्हिस सेंटर नाकारू शकतं. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि जुना बार, लिंक, बोल्ट पिशवीत बांधून ठेवा. गाडी विकताना गिऱ्हाईक तेच मागतं.