पिकअपच्या ट्रान्सफर केसमध्ये कोणतं ऑइल घालायचं, हे कसं ठरवाल?

जानेवारीतली पहाट होती. दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या मळ्यात द्राक्षाचे क्रेट भरून पिकअप उभी होती, वाट दवानं निसरडी झालेली, आणि फोर बाय फोरचा लिव्हर लोमध्ये, म्हणजे हळू पण जास्त ओढ देणाऱ्या गिअरमध्ये, पडायलाच तयार नव्हता. दोन्ही हातांनी ओढला, गाडी जरा पुढं-मागं केली, तेव्हा कुठं खट्ट करून बसला. दुपारी ऊन तापल्यावर तोच लिव्हर एका बोटानं पडला. आठवडाभर हेच. एकानं क्लच सांगितला, दुसऱ्यानं लिव्हरचा बुश. शेवटी ट्रान्सफर केसचा, म्हणजे गिअरबॉक्समधली ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या डब्याचा, वरचा नट खोलून आत करंगळी घातली, तर बोटाला मधासारखं जाड, विझलेल्या काडीचा वास येणारं ऑइल लागलं. गाडीच्या पुस्तकात तिथं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल, पातळ ऑइल लिहिलेलं. गाडी सेकंडहँड, आधी कुणीतरी डोळे झाकून 'नव्वद नंबर' हे जाड गिअर ऑइल भरून मोकळा झाला होता.

ही चूक सर्रास होते. गॅरेजमध्ये नव्वदचं एक बॅरल असतं आणि गिअरबॉक्स, क्राऊन (चाकांच्या मधलं डिफरन्शियल), ट्रान्सफर, सगळ्यांना एकाच पंक्तीत बसवून तेच वाढलं जातं. क्राऊनला ते मानवतं. ट्रान्सफर केसला मानवेलच असं नाही.

आधी गाडीखाली वाका

पिंपळगाव बसवंत किंवा लासलगावच्या बाजार समितीबाहेर पिकअपची रांग बघा. त्यातल्या बहुतेक टू व्हील ड्राइव्ह असतात, ताकद फक्त मागच्या चाकांना. त्यांना ट्रान्सफर केस नसतेच. तुमची गाडी तशी असेल तर दुकानदारानं 'ट्रान्सफरचं ऑइल' म्हणून काही गळ्यात मारू नये, एवढंच तुमच्या कामाचं.

आतमध्ये दुसरा छोटा लिव्हर किंवा फिरवायचं बटण असेल आणि त्यावर टू एच (दोन चाकांना ताकद), फोर एच (चारही चाकांना), फोर एल (चारही चाकांना, लोमध्ये) असं लिहिलेलं असेल, तर ट्रान्सफर केस आहे. खाली वाकलात की गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटलेला एक डबा दिसतो. त्यातून एक प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ताकद नेणारा फिरता दांडा, मागं जातो, दुसरा पुढं. याच डब्याबद्दल आपण बोलतोय. याचं ऑइल गिअरबॉक्सपेक्षा वेगळं असतं, याचे नट वेगळे असतात आणि सर्व्हिसच्या यादीतून हाच हमखास सुटतो.

पुस्तकातली नेमकी ओळ शोधा

गाडीसोबत आलेल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानांत ऑइलचा तक्ता असतो. त्यात 'मॅन्युअल ट्रान्समिशन'ची ओळ वाचून थांबू नका, 'डिफरन्शियल'ची तर नकोच. 'ट्रान्सफर' असं लिहिलेली ओळ शोधा. तिथं तीन गोष्टी मिळतात: ऑइलचा प्रकार, जाडीचा आकडा आणि किती मावतं ते. पिकअपमध्ये हे माप साधारण १ ते २ लिटरच्या दरम्यान असतं.

पुस्तक हरवलं असेल तर चासी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर जा. गाडीचं नाव सांगून भागत नाही, कारण एकाच नावाच्या पिकअपमध्ये वेगवेगळ्या वर्षी वेगळी ट्रान्सफर केस बसवलेली असू शकते. आधी लिव्हरची, नंतर बटणाची. कधी केसच्या अंगावर धातूची छोटी पट्टी असते, कधी नटाशेजारीच ऑइलचं नाव कोरलेलं असतं. चिखल खरवडून बघायला लागतं.

ओळीत काय लिहिलेलं असेल हे आतल्या रचनेवर ठरतं. काही केसमध्ये ताकद दात्यांवर दाते घासत पुढं जाते. तिथं दातांमध्ये टिकणारा जाड थर लागतो, म्हणून गिअर ऑइल. बऱ्याच पिकअपमध्ये मात्र पुढच्या शाफ्टकडं ताकद रुंद साखळीनं जाते आणि तळातलं ऑइल वरच्या बेअरिंगपर्यंत चढवायला आत एक छोटा पंप असतो. तिथं ऑइल झटकन चढलं पाहिजे, म्हणून कंपनी पातळ एटीएफ सांगते. तिसरा प्रकार चारही चाकांना आपोआप ताकद वाटणाऱ्या गाड्यांचा. त्यात क्लचच्या चकत्या असतात आणि त्यांना कंपनीनं सांगितलेलंच खास ऑइल लागतं. तिथं पर्याय शोधत बसू नका. याशिवाय काही नव्या जपानी पिकअपना नुसतं '७५डब्ल्यू', पुढं दुसरा आकडाच नाही, असं ऑइल लागतं. काही पिकअपच्या ट्रान्सफर केसमध्ये तर चक्क इंजिन ऑइल असतं. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीत काय घातलं हे विचारण्यात अर्थ नाही.

डब्यावरचे आकडे

समजा पुस्तकात '७५डब्ल्यू-९०, एपीआय जीएल-४' असं आलं.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. ७५डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे ४० अंशांना होते, ८०डब्ल्यूची उणे २६ला आणि ८५डब्ल्यूची उणे १२ला. थंडीच्या लाटेत निफाडचा पारा ५ अंशांच्याही खाली जातो, पेपरात द्राक्षबागेत पेटवलेल्या शेकोट्यांचे फोटो येतात, पण उणे १२ आपल्या वाट्याला येत नाही. त्यामुळं पुस्तकानं ७५डब्ल्यू-९० आणि ८०डब्ल्यू-९० दोन्ही चालतील म्हटलं असेल तर नाशिकला ८०डब्ल्यूनं अडत नाही. दोन्हींत फरक जाणवला तर पहाटेच्या पहिल्या दोन-चार किलोमीटरला जाणवेल, बाकी दिवसभर नाही.

मागचा आकडा, ९० किंवा १४०, ऑइल १०० अंशांना तापल्यावरच्या जाडीचा. आपल्याकडं घोळ इथं होतो. 'आपला भाग गरम, भार जास्त, मग १४०च घाला' हा सल्ला मला नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात मोठ्या आपुलकीनं मिळाला होता. उन्हाळ्यात नाशिक ४० अंशांवर जातं हे खरं, कसाऱ्याचा घाट भरल्या गाडीनं चढताना सगळंच तापतं हेही खरं. पण तो ताप कंपनीनं आकडा ठरवताना धरलेला असतो. पुस्तकात तापमानानुसार वेगळा तक्ता दिला असेल तरच आकडा बदला.

जाड म्हणजे किती जाड? तापल्यावर, १०० अंशांना, ९० नंबर गिअर ऑइल एटीएफच्या साधारण दुप्पट जाड असतं. ४० अंशांना हाच फरक चौपटीच्या आसपास जातो. आणि जानेवारीच्या पहाटे, केस गार पडलेली असताना, तो त्याहून कितीतरी वाढतो. आमचा लिव्हर का अडकत होता आणि दुपारी का सुटत होता, याचं उत्तर इतकं साधं होतं. क्लच आणि बुश बिचारे फुकट बदनाम झाले.

एक गंमत सांगून पुढं जातो. गिअर ऑइलचे आणि इंजिन ऑइलचे आकडे वेगवेगळ्या पट्टीवर मोजलेले असतात. ७५डब्ल्यू-९० गिअर ऑइल तापल्यावर जाडीला साधारण १५डब्ल्यू-४० इंजिन ऑइलच्याच घरात असतं. नव्वद म्हणजे चाळीसच्या दुपटीनं जाड, असा हिशोब लावू नका.

आता जीएल-४ आणि जीएल-५. हे गिअर ऑइलचे वर्ग, अमेरिकेच्या पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनं (एपीआय) ठरवलेले. हा वर्ग पहिली-दुसरीसारखा नाही की वरचा तो हुशार. क्राऊनमधले दाते एकमेकांवर घासत सरकतात, तिथं दाब भयंकर असतो, म्हणून जीएल-५मध्ये गंधक-फॉस्फरसची दाबरोधक रसायनं भरपूर असतात, जीएल-४च्या साधारण दुप्पट. काडेपेटीचा तो वास त्या गंधकाचाच. ट्रान्सफर केसमध्ये आणि गिअरबॉक्समध्ये मात्र पितळ किंवा ब्राँझचे बुश, सिंक्रो रिंगा (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्या) असू शकतात. काही जीएल-५ ऑइलमधलं गंधक तापल्यावर या पिवळ्या धातूला खातं. शिवाय सिंक्रो रिंगला गिअर पडताना थोडं घर्षण हवं असतं. फार घसरडं ऑइल मिळालं की गिअर कचकचतो. तेव्हा पुस्तकात जीएल-४ असेल तर जीएल-४, आणि जीएल-५ असेल तर जीएल-५च. कुठल्याही बाजूनं 'भारी' घेऊ नका. 'एलएस' लिहिलेला डबा लिमिटेड स्लिप डिफरन्शियलसाठी असतो, त्याचं इथं काम नाही.

पुस्तकात एटीएफ असेल तर पुढचं नाव महत्त्वाचं. जुन्या गाड्यांच्या तक्त्यात 'डेक्सरॉन ३' हे एटीएफच्या दर्जाचं नाव सापडतं. त्या नावाचे परवाने जनरल मोटर्सनं २००६च्या अखेरीस बंद केले. त्यामुळं आजच्या डब्यावर हे नाव दिसलं तर तो ऑइल बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा असतो. म्हणून नावाजलेल्या कंपनीचाच डबा घ्या. डेक्सरॉन ६ त्याहून पातळ असतं. ते तुमच्या ट्रान्सफर केसला चालेल का, हे सर्व्हिस सेंटरला विचारून मगच घाला. आणि दुकानात 'ऑटोमॅटिकचं द्या' म्हटलं की कधी सीव्हीटीचं, म्हणजे वेगळ्या जातीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, ऑइल पुढं सरकवलं जातं. ते वेगळं.

शेतकऱ्याच्या घरी आणखी एक मोह असतो, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकच्या ऑइलचा. शेडमध्ये अर्धा कॅन पडलेलाच असतो. राहू द्या तो तिथंच.

दुकानात

सील तपासा, बॅच नंबर आणि तारीख वाचा, एमआरपीपेक्षा फारच स्वस्त मिळालं तर शंका घ्या. रिकामे डबे गोळा करून पुन्हा भरणारे असतात, म्हणून आपला डबा रिकामा झाला की त्याला भोक पाडून टाका. पक्कं बिल घ्या. मापापेक्षा अर्धा लिटर जास्त आणा, थोडं सांडतंच. नटांचे नवे वॉशरही त्याच फेरीत आणा.

बदलताना वरचा नट आधी

हे वाक्य ठळक अक्षरांत भिंतीवर लावावं असं आहे. ट्रान्सफर केसला दोन नट असतात: खालचा ड्रेनचा, वरचा भरायचा. आधीच्या एका गाडीवर, पहिल्याच वेळी, मी उत्साहात खालचा खोलला. ऑइल धो धो पातेल्यात. मग वरच्याला पाना लावला, तर तो वर्षानुवर्षांच्या गंजानं जाम. पाना घसरला, नटाचे कोपरे गोल झाले, आणि केस रिकामी, गाडी अंगणात. फिटरला मोटरसायकलवरून आणावं लागलं. तो आला, गाडीखाली डोकावला आणि म्हणाला, "दादा, वरचा सुटतोय का ते बघितल्याशिवाय खालच्याला हात लावायचा नसतो." त्यानं नट गरम करून सोडवला, चहा घेतला आणि पैसे मात्र रीतसर घेतले.

तर क्रम असा. चार-पाच किलोमीटर गाडी चालवून ऑइल कोमट करा. सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकांपुढं-मागं दगड लावा. गाडी जॅकवर चढवून खाली शिरणार असाल तर नुसत्या जॅकवर भरवसा नको, स्टँड हवेतच. वरचा नट सोडवा, मग खालचा.

निघणारं ऑइल नीट बघा, कारण खरी माहिती त्यात असते. खालच्या नटाला बहुधा लोहचुंबक असतो. त्याच्यावर काळपट राखाडी लेप असेल तर ती नेहमीची झीज. नखाएवढे तुकडे किंवा दाताचा कोपरा निघाला तर भरणं थांबवा आणि केस उघडायला द्या. ऑइल दुधाच्या चहासारखं असेल तर आत पाणी गेलंय. पावसाळ्यात इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडं ओहोळातून गाडी घालणाऱ्यांना हे दिसतं. तापलेली केस गार पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते, आणि वरची ब्रीदरची (हवा आत-बाहेर जायची) नळी तुटलेली किंवा चिखलानं बुजलेली असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. नुसतं ऑइल बदलून भागणार नाही, ती नळी साफ करा. आणि वरचा नट सोडताच ऑइल भळाभळा बाहेर आलं तर गिअरबॉक्सचं ऑइल मधलं सील ओलांडून आलेलं असू शकतं. मग गिअरबॉक्सचीही पातळी बघा.

खालचा नट नवा वॉशर घालून लावा. वरच्या भोकातून पंपानं ऑइल भरा. भोकाच्या खालच्या काठाशी येऊन ओघळायला लागलं की पातळी झाली, असं बहुतेक गाड्यांत असतं. नट पुस्तकात दिलेल्या ताकदीनंच आवळा. केस बहुधा ॲल्युमिनियमची असते, आटे गेले की खर्च ऑइलच्या कितीतरी पट.

आधी चुकीचं ऑइल होतं असं कळलं असेल तर एकदा बदलून थांबू नका. कानाकोपऱ्यात जुनं उरतं. नवं भरून शे-दोनशे किलोमीटर फिरा आणि पुन्हा एकदा बदला. आमच्या गाडीचं पहिल्यांदा भरलेलं लाल ऑइल दुसऱ्या वेळी तपकिरी होऊन निघालं होतं.

काढलेलं ऑइल नाल्यात किंवा बांधावर ओतू नका, आपले नाले शेवटी कुठल्यातरी नदीलाच मिळतात. कॅनमध्ये भरून जुनं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला द्या.

नंतर शंभरेक किलोमीटरनं खाली वाकून दोन्ही नट कोरडे आहेत का बघा. पुढचा बदल पुस्तकातल्या अंतरानं. गाडी पाण्यात बुडाली असेल तर अंतर न बघता लगेच. फोर बाय फोर वर्षभर लागत नसेल तरी महिन्यातून एकदा मातीच्या वाटेवर लावून थोडं चालवा, म्हणजे पुढच्या बाजूच्या भागांनाही ऑइल लागतं. कोरड्या डांबरी रस्त्यावर लावू नका. वळताना पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात, तो ताण साखळीवर आणि दात्यांवर येतो, आणि मग कितीही चांगलं ऑइल घाला.

हे सगळं झाल्यावर मी केस रॉकेलनं पुसली आणि पांढऱ्या ऑइलपेंटनं तिच्यावर तारीख, किलोमीटर आणि 'एटीएफ, लाल' असं लिहून टाकलं. गेल्या सर्व्हिसला नव्या पोरानं नव्वदचा कॅन उचलला होता. गाडीखाली गेला, वाचलं आणि बाहेर येऊन विचारलं, "काका, लाल आणलंय का बरोबर?"