५० मीटरवर कंपाउंड धनुष्याचे (टोकांना चाकं असलेल्या धनुष्याचे) बाण एकत्र कसे आणावेत

३० मीटरवर माझे बाण एकमेकांना खेटून बसायचे आणि ५० वर विखुरायचे. वर्षभर मी साइटलाच, म्हणजे धनुष्यावरच्या नेम धरायच्या साधनालाच, दोष देत राहिले. खरी चूक डाव्या तळहातात होती.

कंपाउंडचं लक्ष्य ८० सेंटीमीटरचं, त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त ८ सेंटीमीटरचं. बाण सुटताना दिशा एक दशांश अंशाने जरी ढळली, तरी ५० मीटरवर तो जवळपास ९ सेंटीमीटर बाजूला जातो. म्हणून धनुष्य मुठीत आवळू नका. ग्रिपचा (धनुष्य धरायच्या मुठीचा) दाब अंगठ्याखालच्या मांसल भागावर घ्या, बोटं सैल सोडा, धनुष्य पडू नये म्हणून फिंगर स्लिंग (बोटांत अडकवायची छोटी दोरी) लावा. मी आठवडाभर ५ मीटरवरून, लक्ष्याचा कागद न लावता, फक्त हाताकडे लक्ष देऊन बाण सोडले. कंटाळा येतो, पण फरक तिथेच पडला.

रिलीजचं (दोरी ओढून सोडायच्या, हातात धरायच्या उपकरणाचं) बटण अंगठ्याने दाबू नका. पाठीचे स्नायू ओढत राहा, बाण आपोआप सुटू द्या. स्कोपमधला (साइटच्या भिंगातला) ठिपका थोडा हलणारच, त्याला हलू द्या.

धनुष्य सरळ उभं आहे का हे दाखवणारा, साइटवरच्या लेव्हलमधला बुडबुडा दर बाणाला बघा. धनुष्य उजवीकडे कललं की बाणही उजवीकडे जातात.

बाणांवर नंबर टाका. माझा चार नंबरचा सतत बाहेर जायचा. नॉक (बाणाच्या मागच्या टोकाची, दोरीत अडकणारी खाच) बदलली आणि तो गटात आला.

साइट सगळ्यात शेवटी, गट जमल्यावरच. बाण जिकडे, साइट तिकडे सरकवायची.