टीनएजर्ससाठी माहितीपट : विषय निवडताना मी खाल्लेली माती

नवीन बॅच आली की कोणीतरी विचारतंच, "ताई, टीनएजर्ससाठी दहा मिनिटांची डॉक्युमेंटरी करायची आहे, विषय सुचव ना." मी सुचवत नाही. भाव खाते असं नाही, मला माझाच विषय धड निवडता आला नव्हता. कॅमेरा, साउंड, एडिटिंग तुम्हाला येत असेल, नसेल तर येईल. त्याबद्दल इथे काहीच सांगणार नाहीये.

माझा पहिला विषय होता 'किशोरवयीन मुले आणि मोबाईलचे व्यसन'. हसू नका. तुमच्या वहीतल्या यादीत हा पहिल्या तिनात असणार, आणि उरलेले दोन म्हणजे परीक्षेचा ताण आणि नदीचं प्रदूषण. गाईडना माझा विषय पाच मिनिटांत पटला. तिथेच मला संशय यायला हवा होता.

दोन समुपदेशक, एक मुख्याध्यापक आणि चार पालक यांच्या मुलाखती झाल्या. साडेनऊ तासांचं फुटेज जमलं. मध्ये मध्ये पेरायला स्क्रीनवर फिरणारे अंगठे घेतले. 'मोबाईल सोडून बरंच काही करता येतं' हे दाखवायला नदीपात्रात जाऊन एका ढोलपथकाचा सरावही शूट केला. त्यात एक शॉट अकरा सेकंदांचा होता. सराव संपलाय आणि एक मुलगी हातावरची चिकटपट्टी सोडवतेय. डावा तळहात थापीने लालभडक झालेला, उजव्या अंगठ्याच्या बेचक्यात टिपरूने आलेला फोड. ती फोडावर हलकी फुंकर मारते, मग विंडचीटरची बाही बोटांपर्यंत खाली ओढते. चेहरा नाही, नुसते हात.

फिल्म मी मावसबहिणीच्या शाळेत नववीच्या वर्गाला दाखवली. चौथ्या मिनिटाला पुढच्या बाकावरून हळूच प्रश्न आला, "ताई, ही मधल्या सुट्टीत जाणार का?" पडद्यावर समुपदेशक बाई 'डोपामिन' म्हणाल्या. मागून कोणीतरी त्याच सुरात 'डोपामिन' म्हटलं आणि वर्ग फुटला. मी दाराशी उभी राहून घाम पुसत होते. मग ते अकरा सेकंद आले आणि वर्ग गप्प झाला.

फिल्म संपल्यावर मोबाईलबद्दल एकानेही विचारलं नाही. पहिला प्रश्न होता, "त्या मुलीने घरी काय सांगितलं?" दुसरी म्हणाली, "सांगितलंच नसणार, म्हणून तर बाही ओढली." तिसरा म्हणाला, "दहावीला असेल तर मेलीच." पुढची दहा मिनिटं ती मुलं आपसात त्या मुलीबद्दल भांडत होती आणि माझ्या साडेनऊ तासांकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं.

आता इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण मी अडकले ती जागा हीच. मी विषय निवडलाच नव्हता. मी मोठ्यांची एक काळजी उचलली होती आणि तिला विषय म्हणत होते. तुमचा विषय 'मुलांनी अमुक करू नये' किंवा 'मुलांनी तमुक करायला हवं' या वाक्यात बसतो का बघा. बसला तर ती काळजी आहे. काळजी खोटी असते असं नाही, पण ती मुलांच्या ओळखीची असते. घरी, क्लासला, व्हॉट्सअ‍ॅपच्या फॅमिली ग्रुपवर ती रोज ऐकू येते. तीच तुम्ही मागे पियानो लावून परत ऐकवणार. आपल्याकडे तर माहितीपट म्हटलं की आधी तो घनगंभीर आवाजच आठवतो. सरकारी माहितीपट काढणारं फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली सुरू झालं, आणि पुढे कित्येक वर्षं थिएटरात मुख्य सिनेमाआधी त्यांची रिळं दाखवणं सक्तीचं होतं. आपल्या आजीआजोबांनी तेवढ्या वेळात शेंगदाणे घेतले. तो आवाज आपल्याही घशात बसलाय. माझं निवेदन मी स्वतःच वाचलं होतं आणि ते हुबेहूब तसंच आलं होतं, वय वर्षं एकवीस असून.

बरं, यावर सगळ्यांना सुचतो तो उपाय मीही करून पाहिला. फिल्म चकाचक केली. कट जलद, रीलमधलं म्युझिक, दोन मीम, निवेदनात एकदा 'भावा'. ती आणखी वाईट झाली. काका कॉलेजच्या गॅदरिंगला नाचायला लागतात तेव्हा जसं वाटतं, तसं. भाषा बदलून उपयोग नव्हता, प्रश्न बदलायला हवा होता. 'हिने घरी काय सांगितलं?' हा प्रश्न मुलांचा स्वतःचा होता. त्याचं उत्तर त्यांना खरंच हवं होतं, कारण प्रत्येकाच्या दप्तरात घरी न सांगितलेलं काही ना काही होतं.

म्हणून मी ज्युनिअर्सना एकच विचारते : शनिवारी संध्याकाळी कॅमेरा घेऊन नक्की कुठे उभी राहशील? 'परीक्षेचा ताण' असेल तर कुठे? घड्याळाचा क्लोजअप आणि डोकं धरून बसलेला मुलगा, एवढंच मिळणार. पण प्रीलिमच्या आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानात एकाच वहीवर चार मुलं तुटून पडलेली असतील, तर तिथे उभं राहता येतं. 'नदी' हा विषय नाही. खडकवासला धरणातून पाणी सोडलं, पुण्यातला भिडे पूल पाण्याखाली गेला, आणि त्या दिवशी पलीकडच्या पोरांनी शाळेचा रस्ता कसा शोधला, यात विषय आहे. कोणाला तरी काहीतरी हवंय, मध्ये काहीतरी आडवं आलंय आणि ते आत्ता, तुमच्या समोर घडतंय. झालेल्या गोष्टीवर लोक फक्त बोलतात. कॅमेऱ्यासमोर बसून नुसती बोलणारी डोकी नववीचा वर्ग चार मिनिटं सहन करतो, हे मी मोजलंय.

गाईडबद्दल. 'यातून संदेश काय देणार?' असं पहिल्याच भेटीत विचारणाऱ्या माणसाला नम्रपणे हो म्हणा आणि शूटिंगला जा. माझ्या मते खरा गाईड तो, जो तुमचं फुटेज आवाज बंद करून बघतो. असे फार कमी मिळतात. लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या (एफटीआयआय) त्या प्रसिद्ध 'विस्डम ट्री'खाली बसून विषय सुचतात असंही ऐकाल. मला तिथे फक्त डास चावले.

ड्रोनचा नाद सोडा. पुण्यात लोहगावचा विमानतळ आहे, लष्कराच्या हद्दी आहेत, त्यामुळे कुठेही उडवता येत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार 'डिजिटल स्काय' या सरकारी वेबसाइटवर ड्रोन कुठे उडवता येतो त्या झोनचा नकाशा असतो, तो बघितल्याशिवाय मित्राचा ड्रोन उसनासुद्धा आणू नका. आणि वरून काढलेलं शहर बघून एकाही मुलाने मला प्रश्न विचारलेला नाही.

आता एक गोष्ट कडक शब्दांत सांगते. अठरा वर्षांखालचं मूल फिल्ममध्ये असेल तर पालकांची लेखी संमती घ्या, आणि ती विषय पक्का करतानाच घ्या. एडिटनंतर घेऊ, असं म्हणू नका. काही विषय इथेच गळतात. आमच्या वर्गातल्या एकाला विनालायसन्स गाडीवरून क्लासला जाणाऱ्या पोरांवर फिल्म करायची होती. ऐकायला झकास आहे. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे ज्या पोराने विश्वासाने तुम्हाला शूट करू दिलं, त्याच्या बापाविरुद्धचा पुरावा तुम्ही एचडीमध्ये तयार करणार. आणखी एकीला निरीक्षणगृहातल्या, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांवर काम करायचं होतं. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलांचं नाव, फोटो, शाळा, ओळख पटेल असं काहीच दाखवता येत नाही. विषय वाईट नाही, पण पहिल्या फिल्मला नको.

घाबरू नका. विषय चुकला म्हणून आयुष्य वाया जात नाही. माझी मोबाईलचीच फिल्म सबमिशनला गेली आणि मला बरे मार्कही पडले. मार्क देणारे नववीत नव्हते.

त्या मुलीकडे मी परत गेले. ती दहावीलाच निघाली. घरी सांगितलं होतं, 'संध्याकाळी मैत्रिणीकडे अभ्यास.' फिल्म करायला ती एका पायावर तयार होती, पण आईच्या सहीशिवाय मला कॅमेरा चालू करता येत नव्हता. म्हणजे तिचं गुपित ज्या प्रश्नामुळे विषय झालं होतं, तेच गुपित माझ्या एका कागदाने फुटणार होतं. याचा मी आधी विचारच केला नव्हता. मी म्हटलं, सांगायचं असेल तर तूच सांग, मी थांबते. गणपती तीन आठवड्यांवर आले होते. मी रोज संध्याकाळी कॅमेरा बॅगेत ठेवून पत्र्याच्या शेडखाली बसायचे, पाऊस आणि ढोल दोन्ही कानठळ्या बसवत. आठव्या दिवशी तिने सांगितलं.

आई मला भेटल्या तेव्हा माझ्याशी बोलल्याच नाहीत. मुलीचा हात उलटा करून बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "बोरोलीन तरी लावायचंस." सही केली, दोन अटींवर : शाळेचा गणवेश दिसायचा नाही आणि निकाल लागेपर्यंत फिल्म कोणाला दाखवायची नाही.

निकालानंतर मी ती त्याच वर्गाला दाखवली. ती मुलं आता दहावीत होती. चौथं मिनिट गेलं, सहावं गेलं, मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. संपल्यावर मागच्या बाकावरचा तो डोपामिनवाला उभा राहिला.

"ताई, टक्के किती पडले तिला?"