माळशेजला निघण्यापूर्वी ऑइलचा हिशेब

पावसाळा ओसरू लागला की ठाण्याहून कल्याण–मुरबाडमार्गे मोटारसायकलने माळशेज घाट गाठण्याचे बेत ठरतात. निघण्याच्या आदल्या रात्री टायरमधील हवा पाहिली जाते, चेन साफ होते आणि इंजिन ऑइलचा विषय ‘मागच्याच महिन्यात बदललंय’ एवढ्यावर मिटतो. ऑइल बदलल्याची तारीख वहीत असणे चांगलेच. पण इंजिनात आज किती ऑइल शिल्लक आहे, हे त्या तारखेवरून समजत नाही. ही तयारी निदान दोन-तीन आठवडे आधी सुरू करावी, कारण पातळी एका मोजणीत कळते, पण गाडी ऑइल किती खाते हे कळायला दोन मोजण्या आणि त्यांच्यामधले काहीशे किलोमीटर लागतात.

सर्वप्रथम मोजण्याची जागा ठरवावी. पार्किंगच्या फरशीला पाणी वाहून जावे म्हणून पुष्कळदा किंचित उतार दिलेला असतो. तो डोळ्यांना जाणवत नाही, डिपस्टिकवर, म्हणजे ऑइलची पातळी मोजण्याच्या खुणांच्या पट्टीवर, मात्र उमटतो. घोडबंदर रस्त्यावरील आमच्या इमारतीत मी कित्येक महिने एकाच खांबाशेजारी गाडी लावून मोजत होतो आणि ऑइल कमी भरते अशी समजूत करून बसलो होतो. गवंड्याची पाणसळ मागून फरशीवर ठेवली तेव्हा दोष इंजिनाचा नसून खांबाशेजारच्या उताराचा निघाला. सपाट जागा सापडली की खडूने खूण करावी आणि पुढची प्रत्येक मोजणी तिथेच करावी.

साहित्य फार लागत नाही. धागे न सुटणारे सुती फडके, टॉर्च, लहान नरसाळे, औषधांच्या दुकानात मिळणारी 50 मिलिलिटरची सिरिंज, वही आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्याच ग्रेडचे ऑइल जवळ असावे. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना एकच ऑइल पुरते. कारसाठीच्या काही ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात व त्यांनी क्लच घसरू शकतो. म्हणून डब्यावर 10डब्ल्यू-30 किंवा 20डब्ल्यू-50 यांसारख्या दाटपणाच्या आकड्यांबरोबरच ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ ही मोटारसायकलच्या ऑइलसाठीच्या जपानी मानकाची खूणही पाहावी.

मोजताना इंजिन तीन-चार मिनिटे चालू ठेवून बंद करावे, ऑइल खाली उतरण्यास दोन-तीन मिनिटे द्यावीत आणि गाडी मेन स्टँडवर घ्यावी. डिपस्टिक पुसून पुन्हा घालताना आटे फिरवायचे की ती नुसती टेकवायची, याचे उत्तर प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत असते. ते न वाचल्यास काही मिलिमीटरांची चूक होते, आणि वरच्या व खालच्या खुणेतील अंतरच मुळात तेवढेसे नसते. डिपस्टिकऐवजी पातळी दाखवणारी काचेची खिडकी असलेल्या गाडीला कोणीतरी सरळ धरून ठेवणे भाग आहे, कारण साइड स्टँडवर दिसणारी पातळी खोटी असते.

पहिल्या दिवशी वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरून किलोमीटरचा आकडा लिहावा. पुढे दर रविवारी पाहावे आणि कमी झाले असल्यास सिरिंजने मोजून त्याच खुणेपर्यंत भरावे. 800 किलोमीटरमध्ये 120 मिलिलिटर लागले, तर 1000 किलोमीटरला 150 मिलिलिटर असा खप निघतो. 100 ते 125 सीसीच्या इंजिनात एकूण ऑइलच लिटरभर असल्याने तेथे हा आकडा दुर्लक्षिण्यासारखा नाही. दोन लिटर ऑइल मावणाऱ्या इंजिनाला तो तितका जाचत नाही. मात्र ‘थोडे जास्त असलेले बरे’ म्हणून खुणेच्या वर भरू नये. ऑइल फेसाळते आणि ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातील वाफा बाहेर काढणाऱ्या, नळीतून एअर फिल्टरकडे ढकलले जाते.

पातळी न भरता वाढलेली दिसली, तर ते अधिक काळजीचे लक्षण समजावे. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आल्यास इंधन ऑइलमध्ये उतरत असावे. रंग दुधाळ असल्यास आत पाणी गेले आहे किंवा ओल साठली आहे. भर पावसात केवळ घर ते ठाणे स्टेशन एवढीच फेरी करणाऱ्या गाडीचे इंजिन ती ओल उडून जाण्याइतके तापत नाही.

कमी होणारे ऑइल जाते कोठे, हे पाहण्यासाठी रात्रभर इंजिनाखाली पुठ्ठा ठेवावा. ड्रेन नटचा वॉशर आणि पुढच्या स्प्रॉकेटमागचे (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकामागचे) ऑइल सील टॉर्चने तपासावे. तेथे चेनच्या वंगणाचा चिकटा साचतो, म्हणून आधी पुसून मगच निष्कर्ष काढावा. गळती नसेल, तर मागून येणाऱ्या मित्राला धुराकडे लक्ष ठेवण्यास सांगावे. कापूरबावडीच्या उड्डाणपुलावर चढताना निळसर धूर निघाल्यास संशय पिस्टन रिंगांवर जातो. सकाळी गाडी सुरू करताच किंवा उतारावर बंद ठेवलेला थ्रॉटल पुन्हा उघडताच निघाल्यास व्हॉल्व्ह सीलवर. मेकॅनिकला ‘गाडी ऑइल खाते’ एवढेच न सांगता वही दाखवावी.

निघण्याच्या सकाळी पुन्हा एकदा मोजावे आणि त्याच ऑइलची घट्ट झाकणाची लहान बाटली सामानात ठेवावी. महामार्गावरील सलग वेगात खप शहरातल्यापेक्षा वाढू शकतो, म्हणून परतल्यावर त्याच खडूच्या खुणेवर मोजून या फेरीचे किलोमीटर वहीत वेगळ्या रकान्यात लिहावेत.