कचरा हस्तांतर केंद्रावर एमपीसीबीची तपासणी: या चुका टाळा

साहेब येणार असल्याचा निरोप आदल्या रात्री आला आणि पहाटे पाचला मुकादमाने दोन टँकर पाणी मारून अख्खा रॅम्प धुऊन काढला. नऊ वाजता महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे (एमपीसीबी) क्षेत्र अधिकारी आले. फाटकातून आत न येता ते थेट मागच्या नाल्याकडे गेले. नाल्यात काळसर, फेसाळ पाणी अजून वाहत होतं. वर्षभर त्या केंद्राचं लीचेट (कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी) खड्ड्यात साठवून, पंपाने टँकरमध्ये भरून एसटीपीला (सांडपाणी प्रक्रिया केंद्राला) जात होतं. त्याच्या पावत्याही फायलीत होत्या. पण अहवालात गेला तो नाला.

नगरपालिकांच्या घनकचरा विभागांसोबत कागद आणि शेड दोन्ही लावून देण्याचं काम मी करतो, त्यामुळे असे प्रसंग बरेच पाहिले. मुंबईकर ज्याला ट्रान्स्फर स्टेशन म्हणतात (महालक्ष्मी, कुर्ला, गोराई) आणि पुणेकर नुसतं ‘रॅम्प’ म्हणतात, त्या जागी घंटागाड्या रिकाम्या होतात आणि मोठ्या गाड्या भरून निघतात. अशा ठिकाणी वास येणार, माश्या असणार, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यालाही ठाऊक असतं. शेरे येतात ते बहुतेक न जुळणाऱ्या गोष्टींवर: वहीत एक, शेडमध्ये दुसरं आणि मुकादमाच्या तोंडी तिसरं. खालच्या चुका त्याच अंगाने वाचा.

तपासणीच्या दिवशी पाणी मारणं

सुरुवात यानेच केली, कारण ही चूक सगळीकडे होते. टिपिंग फ्लोअरचा (गाड्या कचरा ओततात त्या फरशीचा) उतार लीचेटच्या खड्ड्याकडे असला तरी कडेला कुठेतरी पावसाळी गटाराचं तोंड असतंच. रोज ठिबकणारं लीचेट खड्ड्यात जातं, पण दोन टँकर पाणी एकदम आलं की ते जवळची वाट धरतं. आधी खराट्याने कोरडं झाडा, सांडलेल्या जागी लाकडाचा भुसा टाकून तो गोळा करा, मग हवं तर थोडं पाणी मारा. गटाराचं तोंड बांधून घ्या किंवा तिथे कट्टा घाला. जमिनीवरचा जुना काळा डाग अधिकाऱ्याला बरोबर वाट दाखवतो, आणि तो डाग धुऊन जात नाही.

‘आमच्याकडे घातक कचरा नाहीच’

हे उत्तर ऐकलं की मी कपाळाला हात लावतो. रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, फुटका थर्मामीटर, वापरलेल्या सुया हे सगळं घंटागाडीतून येतंच. २०१६ च्या घनकचरा नियमांनी याला ‘घरगुती घातक कचरा’ म्हटलं आणि तो जमा करायला दर २० चौरस किलोमीटरला निदान एक केंद्र असावं असं स्थानिक संस्थेला सांगितलं. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग झाले. यातल्या बऱ्याच वस्तू आता चौथ्या भागात येतात. नाव बदललं, डबा तोच.

गोंधळ पुढे होतो. हा कचरा घरातून येईपर्यंत घनकचरा नियमांचा असतो. तो वेगळा साठवून तळोजा, महापे, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या घातक कचरा प्रकल्पाकडे निघाला की अधिकारी दुसऱ्याच नियमावलीचे कागद मागतो. ती म्हणजे ४ एप्रिल २०१६ ची घातक व इतर कचरा नियमावली. केंद्राच्या आवारात गाड्यांची दुरुस्ती होत असेल, तर त्यातून निघणारं जळकं तेल (नियमावलीच्या यादीतला प्रवर्ग ५.१) आणि रसायनांची रिकामी पिंपं (३३.१) हा तर सरळ तुमचाच घातक कचरा. लीचेटवर रसायन टाकून प्रक्रिया करत असाल तर त्याचा गाळ ३५.३ मध्ये जातो. मंडळाने केंद्र चालवायला दिलेल्या संमतीपत्रात आणि घातक कचरा हाताळायला दिलेल्या प्राधिकारपत्रात हे प्रवर्ग आणि त्यांचं वार्षिक प्रमाण लिहिलेलं आहे का, एवढं आज बघा. नसेल तर दुरुस्तीचा अर्ज आधी करा, शेडची रंगरंगोटी नंतर.

जळक्या तेलाबद्दल आणखी थोडं. वर्कशॉपमधलं तेल दर महिन्याला कोणीतरी कॅन घेऊन येऊन नेतं आणि ते बांधकामाच्या शटरिंगला लागतं, हे उघड गुपित आहे. ‘भंगारवाल्याला दिलं’ असं मुकादम सहज बोलून जातो आणि वहीत त्याची नोंदच नसते. अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्या आणि त्याच्या परवान्याची मुदत संपलेली नाही ना, ते दर वेळी पाहा.

९० दिवस चुकीच्या तारखेपासून मोजणं

घातक कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण मोजतात मागची गाडी गेली त्या दिवसापासून. ती गाडी गेली तेव्हा कोपऱ्यातली तीन पिंपं राहून गेली होती, हे कोणाच्या लक्षातच नसतं. अधिकारी वाकून लेबलावरची तारीख वाचतो आणि विषय तिथेच संपतो.

लेबल पिंप भरायला घेतलं त्या दिवशी लावा, भरल्यावर नाही. नियमावलीतल्या नमुना ८ (फॉर्म ८) प्रमाणे लेबलाची पार्श्वभूमी झगमगीत पिवळी असते आणि ‘घातक कचरा’ व ‘काळजीपूर्वक हाताळा’ हे शब्द लाल अक्षरांत हिंदी, इंग्रजी आणि मराठीत लागतात. पाण्याने पुसलं जाणारं लेबल चालत नाही. खडूने ‘रंग’ असं लिहिलेलं पिंप मी एका शेडमध्ये पाहिलं. पावसाने त्यातलं ‘रं’ गेलं होतं, राहिला होता ‘ग’. जुनं पिंप पुढे आणि नवं मागे, अशी रांग ठेवली की अर्धी भांडणं मिटतात. खरोखर जास्त दिवस लागणार असतील तर मंडळाकडे मुदतवाढ मागता येते, मात्र ती ९० दिवस उलटायच्या आत.

निळी प्रत कुठे आहे?

मॅनिफेस्टच्या (घातक कचऱ्यासोबत गाडीत जाणाऱ्या वाहतूक-पत्राच्या) सात प्रती असतात आणि प्रत्येकीचा रंग वेगळा. पांढरी तुम्ही मंडळाला पाठवायची, पिवळी वाहतूकदाराची सही घेऊन स्वतःजवळ ठेवायची. गुलाबी कचरा घेणाऱ्याकडे राहते, नारिंगी वाहतूकदाराकडे जाते, हिरवी घेणारा मंडळाला पाठवतो, करडी दुसऱ्या राज्यात कचरा गेला तरच लागते. राहिली निळी. कचरा पोचल्यावर घेणाऱ्याने ती तुमच्याकडे परत पाठवायची असते. माल खरंच पोचला, याचा तुमच्या हातातला पुरावा तोच.

फायलीत पिवळ्या प्रती नीट लावलेल्या असतात आणि निळ्या निम्म्याच असतात. बाबू म्हणतात, ‘गाडी गेली ना साहेब, मग झालं.’ झालं नाही. गाडी गेली एवढंच पिवळी सांगते. ऑनलाइन मॅनिफेस्ट काढत असलात तरी पोच आली का, ते उघडून बघायला हवंच. गाडी गेल्यावर आठवडाभरात पोच आली नाही तर प्रकल्पाला ईमेल टाका आणि त्याची प्रत फायलीला लावा. तपासणीत निळी प्रत नसेल तर निदान तो ईमेल दाखवता येतो.

दुसरी अडचण वजनाची. तुम्ही मॅनिफेस्टवर अंदाजाने ‘५०० किलो’ लिहिता आणि तिकडच्या काट्यावर ३८० भरतं. मग १२० किलो कुठे गेलं, हा प्रश्न रास्तच आहे. एक प्लॅटफॉर्म काटा घ्या, पिंप चढवायच्या आधी वजन करा, आणि फरक आलाच तर कारणासकट वहीत लिहा. मोठ्या वजनकाट्याच्या स्टॅम्पिंगची (सरकारी तपासणीच्या शिक्क्याची) मुदतही याच निमित्ताने पाहून ठेवा.

एकाच पेनाने भरलेली वही

नमुना ३ ची वही रोज भरायची असते. ती तपासणीच्या आदल्या रात्री भरली की दिसतं: तीच निळी शाई, तोच हात, आणि रविवारीही १२ किलो, दिवाळी पाडव्यालाही १२ किलो. एका ठिकाणी फेब्रुवारीच्या ३० तारखेला ट्यूबलाइट जमा झालेल्या होत्या. सगळे हसले, पण शेरा पडला तो पडलाच.

दोन दिवस नोंद राहिली तर त्या ओळी रिकाम्या ठेवा आणि ‘कर्मचारी रजेवर’ असं खरं कारण लिहा. रिकामी ओळ खोट्या ओळीपेक्षा कितीतरी हलकी पडते. वर्षाखेरीची गोष्टही हीच. ३० जूनपर्यंत द्यायच्या नमुना ४ च्या विवरणपत्रातली बेरीज वहीतल्या आणि मॅनिफेस्टच्या बेरजेशी जुळली पाहिजे. दोन वेगळे कारकून वेगवेगळ्या कागदांवरून ती भरतात, तिथे हमखास गाडं अडतं.

शेड

किल्ली. सर्वात जास्त वेळ हिच्यात जातो. शेडला कुलूप आणि किल्ली असलेला माणूस गावाला, असं झालं तर तपासणी ‘करू दिली नाही’ असं लिहिलं जाऊ शकतं. दुसरी किल्ली कार्यालयात ठेवा.

बाकी भराभर: वर छप्पर, खाली न भेगाळलेली काँक्रीटची फरशी, कडेने एवढा उंच कट्टा की सर्वात मोठं पिंप फुटलं तरी सांडलेलं आतच राहील. आम्लाचा डबा आणि ब्लीचिंग पावडर शेजारी ठेवू नका. हातमोजे कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीसकट घडी करून ठेवलेले असतील तर ते कोणी वापरत नाही, हे कोणालाही कळतं.

ट्यूबलाइट मात्र वेगळं प्रकरण आहे. जागा कमी पडते म्हणून कामावरची मुलं त्या गोणीत भरून वर पाय देतात. फुटलेल्या नळीतला पारा वाफ होऊन थेट त्याच मुलांच्या नाकात जातो. मूळ खोक्यात किंवा लांबट ड्रममध्ये त्या उभ्या ठेवा. त्या ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांखाली नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला हव्यात, बाकी पिंपांच्या गाडीत नव्हे. बॅटऱ्यांनाही २०२२ पासून स्वतःचे नियम आहेत. फुगलेली मोबाइलची बॅटरी कॉम्पॅक्टरमध्ये दाबली गेली की काय होतं, हे ज्याने धुमसणारी गाडी रस्त्यात रिकामी केली आहे त्याला विचारा. वाळूची बादली आणि अशा बॅटऱ्यांसाठी वेगळा पत्र्याचा डबा एवढं तरी जवळ हवं.

‘ते ठेकेदाराचं काम आहे’

असेल. पण संमतीपत्र मुख्याधिकाऱ्यांच्या किंवा आयुक्तांच्या नावाने असतं आणि नोटीसही त्यांनाच येते. अधिकाऱ्यासमोर ठेकेदार आणि स्वच्छता निरीक्षक एकमेकांकडे बोट दाखवू लागले की तो मान खाली घालून लिहायला लागतो. उत्तरं कोण देणार हे आधी ठरवा. माहीत नसलेलं ‘बघून सांगतो’ म्हणा, अंदाज सांगू नका. अंदाजच वहीशी भांडतो.

नमुना घेतात तेव्हा गैरहजर राहणं

लीचेटचा नमुना घ्यायला सुरुवात झाली की आपला माणूस चहा सांगायला जातो. तिथेच उभं राहायचं. नेहमीच्या भेटीत घेतात तो बहुधा जेव्हीएस (जॉइंट व्हिजिलन्स सॅम्पल, म्हणजे संयुक्त दक्षता नमुना). न्यायालयात वापरायचा कायदेशीर नमुना असेल तर जल कायदा १९७४ च्या कलम २१ ची पद्धत लागते: विश्लेषण करणार असल्याची सूचना, तुमच्यासमोर नमुन्याचे दोन भाग, दोन्हींवर सील आणि दोघांच्या सह्या. मुद्दाम निघून गेलात तरी नमुना थांबत नाही, तुमच्याशिवाय घेतला जातो. नमुना कुठल्या जागेवरून आणि किती वाजता घेतला, हे आपल्याही डायरीत लिहा. त्याच वेळी त्याच जागेचं पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत स्वतःही पाठवा. दोन्हींचे आकडे फार वेगळे निघाले तर बोलायला काहीतरी हातात असतं.

भेटीच्या अहवालावर सही करायच्या आधी तो वाचा. काही चुकीचं लिहिलं असेल तर हुज्जत न घालता सहीच्या वर आपलं म्हणणं दोन ओळींत लिहा.

नोटिशीला ‘कार्यवाही सुरू आहे’ असं उत्तर

कारणे दाखवा नोटीस, मग प्रस्तावित निर्देश, मग अंतरिम निर्देश आणि बँक हमी, असा जिना चढत जातो. पर्यावरण संरक्षण कायद्यातल्या बहुतेक उल्लंघनांना १ एप्रिल २०२४ पासून तुरुंगवासाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे, म्हणून कोणी निर्धास्त होऊ नये. उत्तर मुदतीत द्या आणि प्रत्येक मुद्द्याला एक कागद जोडा: कामाच्या आदेशाचा जावक क्रमांक, तारखेसह फोटो, मॅनिफेस्टचा क्रमांक. जे झालं नाही त्याला तारीख द्या, आणि अशी द्या की ती पाळता येईल. मार्चअखेर निधी मिळणार असेल तर जानेवारीची तारीख लिहून काय उपयोग?

सुरुवातीला सांगितलेल्या रॅम्पवाल्यांनी उत्तरासोबत तीन फोटो जोडले होते. गटाराच्या तोंडाला बांधलेला फूटभर उंच कट्टा, खड्ड्याचा नवा पंप, आणि भिंतीला टांगलेले सहा खराटे. पुढच्या भेटीला साहेब आले ते पुन्हा आधी मागच्या नाल्याकडेच गेले. मुकादम या वेळी त्यांच्या पुढे चालत होता.