शेत, पाऊस आणि विठ्ठल: मुंबईत बसून कविता लिहिताना या चुका टाळा

दिवाळी अंकांचं साहित्य पावसाळ्यातच मागवलं जातं, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-ठाण्यात शेतीच्या आणि भक्तीच्या कवितांना भरती येते. भावना बहुतेक कवितांमध्ये खरी असते. फसतं ते दुसरीकडेच. महिना चुकतो, अवजार चुकतं, जिल्हा चुकतो, अभंग म्हणून लिहिलेल्या ओळीत अक्षरं जास्त भरतात. शेतकरी घरातला वाचक अशा ठिकाणी अडतो आणि पुढची ओळ कितीही चांगली असली तरी तिच्यावर त्याचा विश्वास बसत नाही.

नक्षत्र आणि तिथी यांची गल्लत

पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात, म्हणून त्यांच्या तारखा जवळपास ठरलेल्या असतात. रोहिणी २५ मेच्या सुमारास, मृग ७-८ जून, आर्द्रा २१-२२ जून, पुनर्वसू ५-६ जुलै, पुष्य १९-२० जुलै, हस्त २७ सप्टेंबरच्या आसपास. सण मात्र तिथीवर, म्हणजे चंद्रावर चालतात. ‘मृगाच्या सरीत आषाढी एकादशी’ ही ओळ त्यामुळे कोणत्याही वर्षी खरी ठरत नाही. २०२३ साली एकादशी २९ जूनला, आर्द्रात आली. २०२४ साली १७ जुलैला, पुनर्वसूत. मृगात पालख्यांचं प्रस्थान मात्र होऊ शकतं, कारण देहूची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला आणि आळंदीची अष्टमीला निघते. मृग हवाच असेल तर कविता प्रस्थानापाशी न्या, पंढरपुरात नको.

मृग लागला म्हणजे पाऊस आलाच, असंही धरू नका. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून आहे. २०२३ मध्ये तो २५ जूनला आला, म्हणजे मृग संपून आर्द्रा लागल्यावर. कवितेत विशिष्ट साल येत असेल तर त्या सालचं पंचांग आणि पावसाची तारीख दोन्ही तपासा. दहा मिनिटांचं काम आहे.

भाताचं पीक एका ओळीत उरकणं

मुंबईला सगळ्यात जवळचं पीक भाताचं, आणि सर्वांत जास्त चुका त्याच्याच कवितेत. ‘बी पेरलं, पाऊस आला, शेत डोललं’ एवढ्यात कोकणातलं भात होत नाही. उन्हाळ्यात रोपांसाठी राखलेल्या जागेवर पालापाचोळा, कवळं (झाडांच्या छाटलेल्या पानाळ फांद्या) आणि शेण पसरून जाळतात; याला राब भाजणं म्हणतात. मृगाच्या आगेमागे त्या भाजलेल्या जागेत बी टाकतात. साधारण २१ ते २५ दिवसांत रोप उपटण्याजोगं होतं. तोवर खाचरात, म्हणजे बांध घातलेल्या भातशेतात, पाणी साचलेलं असतं. चिखलणी करून मग रोपं लावतात. ठाणे-रायगडात या कामाला आवणी म्हणतात आणि ती जुलैत होते. ‘जूनच्या पहिल्या सरीत आवणीची गाणी’ लिहिलंत तर हातात रोपच नसतं.

लावणारी माणसं वाकून मागे मागे सरकतात, म्हणजे लावलेलं रोप पायाखाली येत नाही. ‘एकेक रोप रोवत ती पुढे निघाली’ हे उलटं झालं. खरं तर मागे सरकण्याच्या या हालचालीत कवितेला केवढी जागा आहे: लावणारीला झालेलं काम दिसतं, उरलेलं पाठीमागे असतं. पण ती जागा घ्यायला आधी हालचाल माहीत हवी.

तिसरी चूक ऑक्टोबरची. पिवळं भात गुडघाभर पाण्यात उभं दाखवतात. दाणा पक्व होताना खाचरातलं पाणी काढून टाकतात, नाहीतर कापणीला जमीन वाळत नाही. कापणीच्या वेळी पाऊस आला तर तो आनंदाचा नसतो. कापून आडवं टाकलेलं भात भिजून दाण्याला मोड येतात. परतीच्या सरीवर प्रेमकविता लिहायला हरकत नाही, फक्त तिच्यात कापलेलं शेत आणू नका.

पाहायचंच असेल तर जुलैच्या मध्यावर कर्जत लोकलने वांगणी-नेरळच्या पट्ट्यात जा, किंवा विरारच्या पुढे वैतरणा-सफाळ्याकडे. खिडकीतूनही आवणी दिसते. पुन्हा ऑक्टोबरात त्याच मार्गावर गेलात तर अर्धी कविता आपोआप दुरुस्त होईल.

नावं नीट वापरा

नांगर जमीन फोडतो. वखर किंवा कुळव ढेकळं फोडून रान सारखं करतो आणि तण काढतो. पेरणी पाभरीने किंवा तिफणीने होते आणि उभ्या पिकाच्या ओळींमधून कोळपं चालतं. ‘नांगराने मोती पेरले’ ही ओळ दरवर्षी कुणीतरी लिहितंच. शिवाय पाभर देशावरची; कोकणातल्या लावणीच्या भातात तिचं काम नाही.

दाण्याच्या नावांचंही तसंच. भाताची लोंबी, गव्हाची ओंबी, ज्वारी-बाजरीचं कणीस, हरभऱ्याचा घाटा, कापसाचं बोंड. दसऱ्याला दादरच्या फुलबाजारात झेंडूबरोबर भाताच्या लोंब्या विकायला येतात. एक जुडी घरी आणून हातात धरून पाहा. हंगामही सांभाळा: रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि हुरडा थंडीत येतो, श्रावणात नाही.

भेगा म्हणजे दुष्काळ नव्हे

शहरातल्या शेतीकवितेत हमखास येणारं चित्र म्हणजे भेगाळलेली भुई आणि आभाळाकडे पाहणारा बळीराजा. काळ्या जमिनीत चिकणमातीचं प्रमाण मोठं असतं. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून उन्हाळ्यात तिला भेगा पडतातच, चांगल्या वर्षीही पडतात, आणि पहिला पाऊस त्यांतूनच खोल मुरतो. मे महिन्यातली भेग पाहून रडणारी कविता शेतकऱ्याला हास्यास्पद वाटते. उभं पीक असताना, जुलै-ऑगस्टमध्ये भेग पडली, तर ती भीतीची. आणि कोकणातल्या जांभ्याच्या तांबड्या मातीत विदर्भ-मराठवाड्याच्या भेगा दाखवूच नका. शेतकऱ्याच्या आत्महत्येवर लिहायचं असेल तर पीक, जिल्हा, कर्जाचा प्रकार यांतलं काहीतरी नेमकं माहीत असू द्या; नुसता झाडाला टांगलेला दोर दाखवणं आता बेपर्वाईचं वाटतं.

पाखरं, फुलं

इथे थोडक्यात. ‘कुहू’ असं गातो तो काळा नर कोकीळ. मादी ठिपक्यांची, तपकिरी, आणि तिचा आवाज तीक्ष्ण ‘किक-किक’. ‘कोकिळा गाते’ हा रूढ प्रयोग गाण्यात खपतो, निरीक्षणाच्या कवितेत नाही. ‘पेरते व्हा’ असं ऐकू येतं ते पावशाचं ओरडणं, पेरणीच्या तोंडावरचं. शिवडी आणि ठाणे खाडीतले रोहित पक्षी साधारण हिवाळ्याच्या सुरुवातीला येतात आणि पावसाआधी जातात. श्रावणसरींत त्यांचा थवा उडवू नका. बहावा आणि ताम्हण एप्रिल-मेचे, पळस त्याआधीचा, तेरडा भाद्रपदातला. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच एकदम फुलते, तेव्हा ‘दर पावसाळ्यात निळी होणारी टेकडी’ खोडा.

अभंग म्हणवणारी, पण अभंग नसलेली रचना

मोठ्या अभंगात चार चरण असतात आणि त्यांची अक्षरं अनुक्रमे सहा, सहा, सहा, चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं. छोट्या अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण, दोन्हींच्या शेवटी यमक. मोजताना जोडाक्षर एकच धरा. अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. लघु-गुरूचा हिशोब इथे नसतो, म्हणून मात्रा मोजत बसू नका.

नेहमी होणारी गफलत अशी:

खाचराच्या काठावर । उभा पांडुरंग ।
चिखलात दंग आहे । माझी माय ॥

पहिल्या आणि तिसऱ्या चरणात आठ-आठ अक्षरं झाली, आणि ‘आहे’मुळे यमकही गेलं. दुरुस्ती:

खाचराच्या काठी । उभा पांडुरंग ।
चिखलात दंग । माझी माय ॥

बहुतेक वेळा जादा अक्षरं ‘आहे’, ‘तो’, ‘ती’, ‘वर’, ‘मध्ये’ अशा शब्दांत दडलेली असतात. आधी ती काढा, मग शब्द बदला. छोट्या अभंगाचा नमुना: ‘मृग कोरडाच गेला । विठू बांधावर आला ॥’ टाळी वाजवत म्हणून पाहिलं की कुठे अडतं ते लगेच कळतं.

शेवटच्या ओळीत ‘तुका म्हणे’ किंवा ‘नामा म्हणे’ घालू नका. ती त्या संतांची नाममुद्रा आहे. अशी रचना मोबाइलवर फिरता फिरता संताच्या नावावर जमा होते, आणि मग ती मागे घेता येत नाही. मुद्रा हवी तर स्वतःची घ्या, नाहीतर मोकळी ठेवा.

कोकणातलं गाऱ्हाणं अभंगात बसवायचा प्रयत्नही होतो. गाऱ्हाणं एकट्याचं नसतं. एकजण गावाच्या वतीने देवासमोर घालतो आणि बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. ‘मी’ आणि ‘माझं’ यांनी भरलेलं गाऱ्हाणं म्हणून ओकंबोकं वाटतं. ते गद्यातच, लांब वाक्यांत लिहा आणि होकाराची ओळ परत परत येऊ द्या.

मुंबईच्या श्रद्धेवर लिहिताना फक्त वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरातली आषाढीची रांग पुरत नाही. मुंबईतला मूळचा ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा हा कापणीचा सण साजरा करतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आणून त्यांना आशीर्वाद दिला जातो. आरेच्या आदिवासी पाड्यांवर वाघोबा हा देव आहे. कोळीवाड्यात नारळी पौर्णिमा आहे, पण तिथे एक तारीख सांभाळा: महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारीला बंदी असते, त्यामुळे जून-जुलैतल्या कवितेत ट्रॉलर समुद्रात नको.

ललित गद्यातला शेवट

सृष्टी, अथांग, निःशब्द, चराचर हे शब्द पहिल्या खर्ड्यात येऊ द्या, दुसऱ्यात मोजा. एका पानावर दोनांपेक्षा जास्त निघाले तर त्यांच्या जागी झाडाचं, गावाचं, महिन्याचं नाव टाका. शेवटचा परिच्छेद झाकून लेख वाचा. काही उणं वाटलं नाही तर तो परिच्छेद काढा. अंकाला पाठवताना अभंगाचे दंड (। आणि ॥) कीबोर्डवरून नीट टाइप करा, इंग्रजी उभी रेघ वापरू नका, मजकूर जुळवताना ती हमखास मोडते आणि चरण एकमेकांत मिसळतात.